न टोचलेली टाचणी

परीक्षेच्या दिवशी आ-तेक दवाखान्याच्या दारात आला तो बगलेत अननस घेऊन.

ताइनानमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर अननस ठेवला की गिऱ्हाईक तुटून पडतं म्हणतात. दुकानात ठीक. पण दवाखान्यात गिऱ्हाईक तुटून पडणं म्हणजे काय, हे ड्युटीवरच्या नर्सला विचारा. बाहेरच्या खिडकीतल्या बाईंनी अननस पाहिला आणि अशी किंकाळी फोडली, की रांगेतला एक म्हातारा दुखणं विसरून उठून उभा राहिला.

"काका, तो बाहेर ठेवा! आधी बाहेर! मागच्या वेळी तुम्ही अननसाची बिस्किटं वाटलीत आणि त्या दिवशी तीन अपघात आले!"

"तीनच?" आ-तेक म्हणाला. "बिस्किटं शिळी असणार."

अननस फाटकाशी वॉचमनकडे गेला आणि आ-तेक डावा पाय घासत, काठी टेकत आत गेला. चेहऱ्यावर हसू होतं. आज त्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी खोडी रचली होती आणि पहिल्यांदाच ती कुणाला रडवायला नव्हती.

आता हा आ-तेक कोण, ते सांगायला हवं. वय चोपन्न. मासळीबाजाराच्या तोंडाशी त्याची आणि त्याच्या बायकोची, सिऊबीची, सबाही माशाच्या पेजेची गाडी. सबाही खायला गोड, पण काटे दोनशेच्या वर. ते काढावेत तर आ-तेकनंच. उंच स्टुलावर बसून तो सुरी अशी फिरवायचा, की मासा आपणहून कपडे उतरवतोय असं वाटावं. स्टूल एवढ्यासाठी, की अकरा वर्षांपूर्वी बाजारातल्या ओल्या फरशीवर त्याची स्कूटर घसरली, तो उताणा पडला, आणि मागच्या टोपलीतली त्याचीच सुरी त्याच्याच पाठीत, मणक्याच्या डावीकडून आत गेली. मज्जारज्जू अर्धा कापला गेला. बरोब्बर अर्धा.

"दुसऱ्या कुणाची सुरी असती तर पुरा कापला असता," तो सांगायचा. "माझी धार हिशेबी."

तेव्हापासून डावा पाय ताठ आणि दुबळा. उजवा पाय ठणठणीत, पण त्याला ना चटका कळायचा ना टाचणी. अशी चोख अर्धी जखम पुस्तकात असते, माणसात क्वचित सापडते. म्हणून वैद्यकीय कॉलेजचे डॉक्टर ल्याव त्याला दरवर्षी परीक्षेला पेशंट म्हणून बोलवायचे. मुलांनी टाचणी, कापूस आणि नादकाटा घेऊन तपासायचं आणि जखम नेमकी कुठे आहे ते सांगायचं. उत्तर डॉक्टरांच्या पाकिटात बंद: डावी बाजू, पाठीचा आठवा मणका, टाचणीची जाणीव उजवीकडे बेंबीपासून खाली नाही.

आ-तेकला हे काम भारी आवडायचं. मोज्यात रबरी माकूळ लपव, टाचणी लागायच्या आधीच "आई गं" ओरड, एवढं चालायचं. पण गेल्या वर्षी हद्द झाली. एक दीडशहाणा पोरगा आला. तो आ-तेकला नावानं न बोलवता "पेशंट" म्हणत होता. आ-तेकनं त्याला सगळं उलटं सांगितलं. पोरानं जो अहवाल लिहिला तो वाचून डॉक्टर ल्याव म्हणाले, की असा माणूस जगात जिवंत असू शकत नाही. मग त्यांनी आ-तेकला माझू देवीच्या देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली: टाचणीला टाचणी म्हणेन.

आणि मग गाडीवर आली यू-च्येन.

पेंगहू बेटावरची पोर. आई तिथं धक्क्यावर कालवं सोलते. ही इथं डॉक्टरकी शिकते. रोज सकाळी पेज घ्यायची आणि बोजड पुस्तक वाडग्याला टेकवून वाचायची. हुशार होती, हात हलका होता. पण गेल्या परीक्षेत नापास झाली, कारण तिनं उत्तर बरोबर लिहिलं, मग डॉक्टर ल्याव यांची भुवई वर गेलेली पाहिली, आणि खोडलं. दुसरं लिहिलं. भुवई आणखी वर गेली. तेही खोडलं.

"त्यांची भुवई तशीच आहे गं!" आ-तेक म्हणाला होता. "माणूस शिंकला तरी वर जाते!"

आता ही दुसरी संधी. यात गेली तर अख्खं वर्ष पुन्हा. घरी आईला अजून पहिलंच सांगितलेलं नव्हतं.

महिनाभर आ-तेकनं तिला गाडीवरच शिकवलं. म्हणजे शिकवायची तीच आणि ऐकायचा तो. तो मासा उभा चिरायचा, काट्याच्या वरून जाणारा पांढरा दोरा सुरीच्या टोकानं उचलून दाखवायचा, आणि ती बशीत सोया सॉसनं फुलपाखरू काढायची.

"मज्जारज्जू आडवा कापला की आत हे असं करडं फुलपाखरू दिसतं, काका. या पेशींच्या वस्त्या. बाहेर पांढऱ्या भागात तारा. आता बघा, टाचणी आणि गरम-गार ही घाईची गिऱ्हाईकं. आत शिरली की लगेच मधून रस्ता ओलांडतात आणि समोरच्या बाजूनं वर मेंदूकडे पळतात."

"सिऊबीसारखी. सिग्नल नाही, काही नाही."

"मी ऐकतेय हां!" चुलीवरून आवाज आला.

"आणि हलका स्पर्श, कंप, पाय नेमका कुठे आहे ही जाण, ही शिस्तीची. आली त्याच बाजूनं सरळ मानेच्या वरपर्यंत जातात. तिथं पेशींचा एक मुक्काम आहे. तिथं उतरतात, निरोप पुढच्याच्या हातात देतात, आणि तो रस्ता ओलांडतो."

आ-तेकनं माशाच्या दोऱ्याची डावी बाजू सुरीनं टोचली. "म्हणजे माझी इथं कापली. डावीकडची शिस्तीची गेली, म्हणून डाव्या पायाचा पत्ता नाही. आणि उजव्या पायाची घाईची आधीच डावीकडे पळून आलेली, ती सुरीला सापडली."

"काका, तुम्ही परीक्षेला बसा. मी पेज विकते."

"मासा सोलता येतो?"

"नाही."

"मग तू आपली डॉक्टरच हो."

तर त्याची खोडी अशी होती. परीक्षेला सहा पेशंट, कुठल्या मुलाला कोण ते चिठ्ठ्यांवर. आ-तेकनं यू-च्येनचा नंबर काढून आणला आणि त्या नंबरवर बसलेल्या शिंपीण आजींशी माशाच्या पोटाचे दोन वाडगे देऊन जागा बदलून घेतली. म्हणजे पोरीला तोच मिळणार. आणि त्याचं दुखणं तर तिला तोंडपाठ! तिनं आत यायचं, टाचणी फिरवल्यासारखं करायचं, 'बेंबी' म्हणायचं आणि पास होऊन बाहेर जायचं. शपथेला थोडा धक्का बसत होता, म्हणून सकाळी त्यानं देवीला कौल लावला: एवढं चालेल ना? लाकडाच्या दोन्ही फोडी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली. हो नाही, नाही नाही, नुसती हसली. आ-तेकनं त्याचा अर्थ सोयीनं लावला.

यू-च्येन आत आली आणि पलंगावर कोण बसलंय ते पाहून दारातच थबकली.

"सर," ती डॉक्टर ल्याव यांना म्हणाली, "मी यांना ओळखते. रोज यांच्याकडे खाते."

आ-तेकनं कपाळावर हात मारला. कार्टी प्रामाणिक निघाली.

डॉक्टर ल्याव यांची भुवई वर गेली. "ताइनानमध्ये यांना कोण ओळखत नाही? तुम्ही ओळखत असाल, टाचणी ओळखत नाही. तपासा. वीस मिनिटं."

तिनं तपासायला घेतलं. पायांची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. डाव्या पायानं तिला जवळजवळ लाथच घातली. नादकाटा डाव्या घोट्याला लावला, आ-तेकला काही कळलं नाही. उजव्या घोट्याला लावला, तिथं गुणगुण कळली. सगळं सोया सॉसच्या फुलपाखराबरहुकूम. आ-तेक खूष होता. मग तिनं टाचणी काढली.

"डोळे मिटा काका. टोचलं की सांगा."

उजवा पाय. काही नाही. मांडी. काही नाही. बेंबीच्या खाली. काही नाही. आता बेंबीच्या वर. आ-तेक "टोचलं" म्हणायला तोंड उघडून बसला होता.

काही आलंच नाही.

आली असणार टाचणी, त्याला बोटाचा दाब तर कळत होता. पण टोचणं नव्हतं. बरगडी. नुसता दाब. छाती. नुसता दाब.

गेल्या वर्षीपर्यंत इथं टाचणी लागली की तो नाचायचा. आणि याच वेळी त्याला उजव्या हाताच्या करंगळीवरची पट्टी आठवली. पंधरा दिवसांपूर्वी करंगळी पेजेच्या पातेल्याला चिकटली होती, आणि त्याला कळलं होतं ते वासावरून. सिऊबीला सांगितलं, कढईला जरा लागलं. स्वतःला सांगितलं, तीस वर्षं चुलीशी काढली, कातडी जाड झाली. तो सुरीचा हात होता. त्याच्याबद्दल जास्त विचार करायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"काका? टोचलं का?"

पाकिटात उत्तर होतं बेंबी. पोरीला पाठ होतं बेंबी. आपण आत्ता खरं बोललो, तर ती गोंधळणार, भुवईकडे बघणार, खोडणार, पुन्हा खोडणार. पेंगहूला फोन करून आईला सांगणार.

"टोचलं!" आ-तेक म्हणाला. "आई गं! केवढ्यानं!"

"आणि इथं?"

"टोचलं."

"इथं?"

"टोचलं म्हटलं ना! भोकं पाडतेस का माझ्या छातीला?"

पाऊल मागे सरकल्याचा आवाज आला.

"डोळे उघडा, काका."

त्यानं उघडले. यू-च्येन त्याच्यापासून हातभर लांब उभी होती. टाचणी तिनं आपल्याच कॉलरला लावून ठेवली होती.

"शेवटच्या दोन वेळा मी टोचलंच नाही, नुसतं बोट टेकवलं," ती म्हणाली.

न लागता ओरडायची ही त्याचीच खोडी होती; तिनं ती आतलं बाहेर करून त्याच्याच गळ्यात घातली होती. पोटात कुठंतरी त्याला तिचा अभिमानही वाटला, आणि लगेच त्या अभिमानाचा राग आला.

"आता खरं सांगायचं," ती हळू म्हणाली. "नाहीतर सिऊबीकाकूंना सांगेन, परवा आजींना फुकट वाडगे कुणी दिले ते."

"तुला कसं कळलं?"

"बाहेर आजींनीच सांगितलं, कशाबद्दल ते आत आल्यावर कळलं. त्या म्हणाल्या, तिसरा वाडगा मिळेल का विचार."

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून केलं. खालून वर, सावकाश. या वेळी तो खरं बोलला. नाही. नाही. नाही. गळ्याच्या हाडाखाली चार बोटांवर आल्यावर पहिल्यांदा टोचलं. मग तिनं उजवा हात घेतला. दंडाची आतली बाजू: नाही. करंगळी: नाही. पट्टीकडे तिनं पाहिलं, पण काढली नाही. त्याच करंगळीवर कापूस फिरवला.

"हे कळतं?"

"हो. गुदगुल्या होतात."

तिचा चेहरा बदलला. गाडीवर वाडग्यातला शेवटचा काटा सापडल्यावर व्हायचा तसा.

"वेळ संपली," डॉक्टर ल्याव म्हणाले. "टाचणीची पातळी सांगा."

यू-च्येननं वर पाहिलं. भुवई वर होती. तिनं आ-तेककडे पाहिलं. तो डॉक्टरांच्या पाठीमागून दोन्ही हातांनी आपली बेंबी दाखवत होता. म्हण ना बाई, बेंबी म्हण आणि सूट!

"बेंबी नाही, सर," ती म्हणाली. "गळ्याच्या हाडाखाली. उजवा दंड आतून, आणि करंगळी."

"अकरा वर्षं कागदावर बेंबी आहे."

"मी कागद नाही तपासला, सर. काकांना तपासलं."

आता भुवई कुठवर गेली ते सांगायला नको. डॉक्टर ल्याव सावकाश आ-तेककडे वळले. "परत? देवीसमोर शपथ घेतली होती ना?"

"नाही हो डॉक्टर, या वेळी खरं आहे!"

"गेल्या वेळीही हेच म्हणाला होतात. मोज्यात काय होतं आठवतं?"

"ते माकूळ होतं. हे माझं अंग आहे!"

"आणि मगाशी 'आई गं' कोण ओरडलं? मी इथंच होतो."

आयुष्यभर त्यानं गावाला थापा खायला घातल्या, लोकांनी चवीनं खाल्ल्या. आज एकुलता एक खरा घास वाढला तर कुणी तोंड उघडेना. यू-च्येन कागदावर वाकली होती. हातात पेन होतं. आ-तेकनं पाहिलं, पेनाचं टोक कागदावर लिहिलेल्या ओळीपाशी आलं होतं. आता ही खोडणार. आता खोडलंच.

पण पेन तिथंच थांबलं. तिनं त्याला टोपण घातलं आणि खिशात ठेवलं.

हे पाहून आ-तेकचा धीर सुटला, की आला, काय म्हणायचं ते म्हणा. त्यानं उजवा हात पुढे केला आणि पट्टी ओढून काढली.

खाली करंगळीची बाजू सोललेली होती, लाल, ओली. बघूनच कुणीही डोळे मिटावेत.

"पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "पातेल्याला चिकटली होती. मला वास आला, तेव्हा कळलं. दाबा."

डॉक्टर ल्याव यांनी त्याच्या तोंडाकडे बघत दाबलं. आ-तेकनं पापणीही हलवली नाही. माणूस थाप मारतो, फोड मारत नाही. डॉक्टरांची भुवई खाली आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती जागेवर कशी दिसते ते आ-तेकला कळलं, आणि त्याला ती वरच बरी वाटली.

"कारण सांगा," ते यू-च्येनला म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कापूस कळतो, टाचणी नाही. म्हणजे शिस्तीच्या तारा... म्हणजे मागच्या तारा शाबूत आहेत. मधून ओलांडणाऱ्या गेल्यात. जुन्या जखमेपासून मज्जारज्जूच्या मध्यात पोकळी झाली असणार, सर, आणि ती वर चढतेय. अशी जखमेनंतर दहा-दहा वर्षांनीही होते."

"आणि आणखी वाढली तर?"

"करड्या फुलपाखराच्या पुढच्या शिंगात जाईल." ती आ-तेककडे न बघता म्हणाली. "तिथं हात चालवणाऱ्या पेशींची वस्ती आहे."

आ-तेकनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. सबाहीचे दोनशेच्या वर काटे, आणि ते काढणारा हा हात.

दुपारीच त्याला एमआरआयला घातलं. मशीननं नीट वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातले कुरकुरे ठेवलेले असतात. मागे एकदा आ-तेकनं ते पाकीट फोडून खाल्लं आणि त्या दिवशी मशीन बंद पडलं, असं तिथला माणूस अजून सांगतो. आज तो पाकीट छातीशी धरून उभा राहिला, आ-तेक आत जाईपर्यंत. पण आज आ-तेकला खायची वासनाच नव्हती.

चित्र आलं. पाठीच्या मध्यापासून मानेच्या तळापर्यंत मज्जारज्जूच्या आत एक लांबट पांढरी पोकळी. यू-च्येननं सांगितली तिथंच. सिऊबीला बोलावणं गेलं होतं. ती एप्रनसकट आली, तिनं चित्र पाहिलं, करंगळी पाहिली, आणि नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला.

"कढईला लागलं काय रे मेल्या? कढईला?"

"डाव्या बाजूला मार. तिथं लागतं."

मग ती रडली, आणि तो तिचा एप्रन नीट करत बसला. डॉक्टर ल्याव शस्त्रक्रियेचं सांगत होते. गेलेलं परत येईलच असं नाही, पण पुढे सरकणं थांबेल, हात वाचेल. आ-तेक अर्धं ऐकत होता.

"डॉक्टर, ते राहू द्या. पोरगी पास झाली का?"

डॉक्टर ल्याव यांनी खिशातून ते बंद पाकीट काढलं, फोडलं, अकरा वर्षांची बेंबी लाल पेनानं खोडली आणि यू-च्येनचं उत्तर वर लिहिलं.

"माझा कागद नापास झाला," ते म्हणाले. "ती पास. आणि जागा बदलल्याबद्दल शिंपीण आजींशी मी बोललो आहे. त्यांना तिसरा वाडगा हवाय."

पाच आठवड्यांनी आ-तेक परत स्टुलावर बसला. मानेपासून पाठीपर्यंत ताजा व्रण होता. फाटकावरच्या वॉचमननं अननस पहिल्याच आठवड्यात खाऊन टाकला होता, म्हणून यू-च्येननं नवा आणून गल्ल्यावर ठेवला. आईला तिनं दोन्ही परीक्षांचं एकदमच सांगितलं होतं. आई आधी रागावली आणि मग पेटीभर कालवं पाठवली.

"हात पुढे करा," ती म्हणाली आणि कॉलरची टाचणी काढली.

"गिऱ्हाईकं खोळंबलीत."

"डोळे मिटा."

त्यानं मिटले. दंडावर काहीतरी टेकलं.

"टोचलं?"

"टोचलं. बारीक. पण टोचलं, देवीशप्पथ."

"आता करंगळी. टोचलं?"

आ-तेक थांबला. आजूबाजूला वाडग्यांचा आवाज, सिऊबीचं कुणावर तरी ओरडणं, पेजेचा वास. करंगळीवर दाब होता, ओळखीचा, हलका. फक्त दाब. पोरगी 'हो' ऐकायला किती आतुर आहे ते त्याला डोळे मिटूनही दिसत होतं, आणि 'हो' तर जिभेवर तयारच होतं. आयुष्यभर तयारच असायचं.

"नाही," तो म्हणाला.

"शाब्बास," यू-च्येन म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. ती हसत होती. तिनं टाचणी परत कॉलरला लावली, आणि त्यानं उजव्या हातानं सुरी उचलली आणि पुढचा मासा ओढला.